दिवसा झोपणाऱ्या बंधूची राखण

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये २०:७ ते १२



दिवस उजाडल्यावर अंथरुणात पडून राहणे हे आपल्या खेड्यांत बरे लक्षण मानीत नाहीत. कोंबडा आरवला की बाईने चुलीपाशी जावे व गड्याने गोठ्यात जावे, ही आपली रीत. सूर्य डोक्यावर आला असता जो झोपलेला आढळतो, तो एक तर आजारी असावा, नाही तर आळशी असावा, अशी आपली समजूत असते. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात शलमोनाने आळशाला मुंगीच्या शाळेत पाठविले आहे. तो पाठ आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो, आणि दिवसा झोपणारा कोणी दृष्टीस पडला की लागलाच तो त्यास लावून मोकळे होतो. परंतु जो पाठ ज्या मनुष्याचा नव्हे तो त्याच्या माथी मारणे हाही एक अन्याय आहे. असा अन्याय आमच्या हातून घडला आहे, म्हणूनच हा विषय आज आम्ही आपणापुढे मांडीत आहो.

काही वर्षांमागे नगर जिल्ह्यातील एका मंडळीचे वडील आम्हांस म्हणाले, “आमचा एक मुलगा मुंबईस रे रोडला असतो. तो रविवारी उपासनेस जात नाही असे कानावर येते. तिकडे जाणे झाले तर त्यास भेटा, आणि दोन शब्द सांगा.” आम्ही त्यांस तसे वचन दिले.

रे रोड हे हार्बर मार्गावरील स्थानक. १८८५ ते १८९० ह्या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेले लॉर्ड रे ह्यांचे नाव त्यास पडले आहे. १९१० साली कुर्ल्याकडून निघालेली ह्या मार्गाची आगगाडी प्रथम येथपर्यंतच येत असे. आणि १९२५ साली व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत भारतातील पहिली विजेची गाडी धावली, ती येथूनच गेली. स्थानकाच्या पूर्वेस बंदराची गोदामे, लोखंडाच्या वखारी आणि दारूखाना आहे. जुनी जहाजे तोडण्याचे काम दारूखान्यात अनेक दशके चालत आले. त्या वस्तीत दिवसभर पत्र्यावर हातोडे पडतात, लोखंडाच्या सळया खडखडतात आणि मालमोटारींचे भोंगे वाजतात. रात्री त्यातला पुष्कळ गोंगाट थांबतो. ही गोष्ट आम्हांस त्या वेळी केवळ वर्णनाची वाटली. तिचा अर्थ मागाहून कळला.

आम्ही सकाळी अकरा वाजता त्या बंधूच्या दारी गेलो. तीन वेळा कडी वाजविली. त्याच्या पत्नीने दार अर्धे उघडून हळू आवाजात नमस्कार केला. तिच्या हळू बोलण्यातील खूण आम्ही ओळखली नाही. मोठ्याने तिची विचारपूस करीत आत गेलो. तो बंधू भिंतीकडे तोंड करून निजला होता. तो धडपडत उठला, तोंडावर पाणी मारून आला व आम्हांपुढे हात जोडून बसला. आम्ही एक लांब अध्याय वाचला, त्याहून लांब प्रार्थना केली. तिच्या मध्यावर त्यास डुलकी लागली. तेव्हा आम्ही त्यास म्हणालो, “बाळा, देवाच्या वचनापुढे डुलक्या घेणे बरे नव्हे.” तो खाली मान घालून म्हणाला, “चुकलो, पाळकसाहेब.”

निघताना ती बाई जिन्यापर्यंत आली. ती म्हणाली, “पाळकसाहेब, राग मानू नका. हे वाशीकडे एका गोदामावर रात्रीच्या पहाऱ्याला असतात, आठ ते आठ. सकाळी येतात, चहा न घेताच नऊ-सव्वानऊला पडतात. एकदा का मधेच उठले, की पुन्हा डोळा लागत नाही. रात्री आठला परत उभे राहायचे आहे. मागल्या महिन्यात सकाळी येताना फलाटावर झोक गेला. लोकांनी दंडाला धरले म्हणून वाचले.”

आम्ही त्यास दोन शब्द सांगावयास गेलो होतो. त्या बाईने आम्हांसच चार शब्द सांगितले, आणि ते अधिक खरे होते.

परतताना गाडीत बसल्यावर आम्हांस युतुखाची आठवण झाली. त्रोवस नगरात आठवड्याच्या पहिल्या दिवशी मंडळी भाकर मोडावयास जमली होती. पौल दुसऱ्या दिवशी जाणार होता, म्हणून त्याने मध्यरात्रीपर्यंत भाषण लांबविले. माडीवर पुष्कळ दिवे जळत होते. युतुख नावाचा एक तरुण खिडकीत बसला होता. त्यास गाढ झोप लागली, आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. त्या काळी रविवार हा सुटीचा दिवस नव्हता. लोक दिवसाचे काम उरकून रात्री जमत. म्हणून हा तरुणही दिवसभर राबून आलेला असावा, असे मानण्यास जागा आहे.

आता पौलाने काय केले ते पाहा. भाषणाच्या वेळी झोपतोस काय, असे त्याने विचारले नाही. मंडळीपुढे त्यास उदाहरण म्हणून उभे केले नाही. तो भाषण सोडून खाली उतरला, त्याने त्या तरुणास कवटाळले, आणि त्याच्यात जीव आहे असे सांगून लोकांस धीर दिला. मग वर जाऊन त्याने भाकर मोडली. ह्या सर्व वृत्तांतात युतुखास दोष देणारा एकही शब्द लूकाने लिहिलेला नाही. युतुख ह्या नावाचा अर्थ भाग्यवान असा आहे, आणि खरोखर तो भाग्यवान होता. कारण त्यास पौल भेटला. रे रोडच्या बंधूस मात्र त्या दिवशी आम्ही भेटलो.

ह्या पाठावरून व आमच्या चुकीवरून तीन गोष्टी आपण शिकाव्या, अशी आमची विनंती आहे.

पहिली गोष्ट ही की, रात्री काम करणाऱ्याची दिवसाची झोप आळस नव्हे. ती त्याची रात्र होय.

परमेश्वराने दिवस व रात्र वेगळी केली आणि मनुष्याचे शरीर त्या क्रमास जुळवून घडविले. विद्वानांनी आता ह्याचा बारकाईने शोध केला आहे. शरीराच्या पेशींत दिवसरात्र मोजणारे घड्याळ असते. त्याची रचना उलगडून दाखविल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग ह्या तिघांस २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ मुख्यत्वे उजेडावर चालते. अंधार पडला की झोपेस साहाय्य करणारा एक रस रक्तात वाढतो. डोळ्यांवर उजेड पडला की तो कमी होतो. पहाटेच्या सुमारास शरीराची उष्णता सर्वांत उतरलेली असते, आणि त्याच वेळी जागणाऱ्यावर झोपेचा मारा सर्वांत अधिक होतो. उलट, सकाळी नऊ वाजता जो निजतो, त्याचे शरीर त्यास उठ म्हणत असते. म्हणून दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा पुष्कळदा एक ते चार तासांनी तोकडी पडते. प्रौढ मनुष्यास सात तास तरी झोप हवी. रात्रपाळीच्या मनुष्यास ती क्वचितच मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली, आणि पुन्हा विचार करून २०१९ साली, रात्रपाळीचे काम हे बहुधा कर्करोगास कारण होणाऱ्या गोष्टींच्या वर्गात घातले. हे आम्ही कोणास भय घालावे म्हणून लिहीत नाही. ज्यास आपण सुखाने दिवसा झोपतो म्हणतो, तो केवढे मोल देऊन आपल्या मुलांस भाकर आणतो, हे कळावे म्हणून लिहितो.

आणि हे काम कोणासाठी चालते? आपण निजतो तेव्हा दवाखान्यात परिचारिका जागी असते, रुळांवर गँगमन असतो, बंदरात मजूर असतो, वीजघरात कामगार असतो. हे केवळ शहराचेच नाही. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला म्हणजे तो रात्रंदिवस चालतो. पुष्कळ गावांत कृषिपंपास वीज रात्रीच येते, तेव्हा आपलाच भाऊ बॅटरी हाती घेऊन, विंचूकाट्याच्या भीतीत, शेतास पाणी धरावयास जातो. तो सकाळी दहा वाजता ओट्यावर निजलेला दिसला तर त्यास मुंगीचा पाठ शिकविण्याचा आपणांस काय अधिकार आहे?

पवित्र शास्त्रात अशा माणसांचा मान मोठा आहे. याकोब लाबानापुढे आपले गाऱ्हाणे मांडतो तेव्हा दिवसाच्या उन्हाने व रात्रीच्या थंडीने आपण कसे झिजलो, आणि झोप डोळ्यांवरून कशी उडाली, हे सांगतो (उत्पत्ती ३१:४०). पेत्र व त्याचे सोबती रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हाती परतले होते, त्या थकव्यातच प्रभू त्यांच्या मचव्यात चढला. आणि ख्रिस्तजन्माची वार्ता प्रथम कोणास कळली? बेथलेहेमच्या रानात रात्रीची पाळी करणाऱ्या मेंढपाळांस. सकाळी मंदिरात या, मग सांगू, असे देवदूताने त्यांस म्हटले नाही. ज्या वेळी ते कामावर होते त्या वेळी, आणि ज्या ठिकाणी होते त्या ठिकाणी, तो गेला.

दुसरी गोष्ट ही की, रात्री काम करणाऱ्याचा विसावा त्याच्या सवडीने मोजावा, आपल्या सवडीने नव्हे.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. १८५४ साली कावसजी दावर ह्यांनी तेथे पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली. आरंभी सूर्याच्या उजेडावर काम चाले. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले, तेव्हा दिवस मावळला तरी यंत्र थांबेना. मजुरांस चौदा-चौदा तास उभे राहावे लागू लागले. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांस दिवसास बारा तासांची मर्यादा घातली, १९३४ च्या कायद्याने ती दहावर आणली, आणि १९४८ च्या कायद्याने नऊवर. आठवड्याची सुटी तर त्याच्याही आधी मागावी लागली. ती नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी मागितली. ते आपल्या मंडळीचे नव्हते. जोतीराव फुले ह्यांच्या सत्यशोधक समाजाचे होते. १८८४ सालापासून त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. ज्या रविवारी आपण निश्चिंतपणे उपासनेस बसतो, तो मजुरांच्या वाट्यास यावा म्हणून कोणी तरी सहा वर्षे झटले, हे आपण विसरू नये.

त्या १९४८ च्या कारखाना कायद्यात एक लहानसे कलम होते. त्यात आम्हांस मोठा उपदेश दिसतो. ज्याची पाळी मध्यरात्रीच्या पुढे जाते, त्याची सुटी मध्यरात्री सुरू होत नाही. त्याची पाळी संपेल त्या क्षणापासून पुढचे चोवीस तास ती मोजावी, असे त्या कलमाने ठरविले होते. म्हणजे कायदा करणाऱ्यांसही एवढे कळले की, ह्या मनुष्याचा दिवस आपल्या दिवसापासून निराळा आहे. मग मंडळीस ते कळू नये काय? रविवारी सकाळी नऊच्या उपासनेस जो येत नाही, तो देवास विसरला असे आपण म्हणतो. परंतु त्याच वेळी तो बारा तासांच्या पहाऱ्यावरून उतरून घरी येत असतो. त्याचा शब्बाथ अजून उगवावयाचा असतो. संध्याकाळी पाचला एखादी लहान उपासना ठेवणे आपणांस अशक्य आहे काय? आणि तो आला, व मागल्या बाकावर त्यास डुलकी लागली, तर पौलाचे उदाहरण आपणांपुढे आहे.

गिरणगावातील अशिक्षित मजूर ही गोष्ट आपणांपेक्षा चांगली जाणत होते. लालबाग-परळच्या चाळींत एकेका गाळ्यात अनेक गडी पाळीपाळीने राहत. रात्रपाळीचा गडी परते तेव्हा दिवसपाळीचा उठून गेलेला असे, आणि त्याच जागेवर हा आपली वळकटी पसरी. जागा अपुरी, हवा कोंदट. तथापि निजलेल्या गड्याच्या उशाशी मोठ्याने बोलू नये, एवढा धर्म ते पाळीत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतरच्या वर्षांत त्या गिरण्या बहुतेक बंद पडल्या. परंतु रात्रपाळी बंद पडली नाही. ती गिरणीतून निघून गोदामाच्या दारात, रुग्णालयात आणि मालमोटारीच्या चाकापाशी गेली. पूर्वी एका गाळ्यातले सारेच पाळी जाणत. आता रात्रपाळीचा मनुष्य शेजाऱ्यापाजाऱ्यांत एकटा पडला आहे.

तिसरी गोष्ट ही की, जो रात्री इतरांची राखण करतो त्याच्या झोपेची राखण दिवसा इतरांनी करावी.

ह्याविषयी आम्ही प्रथम त्या कष्टकरी बंधुभगिनींसच काही साध्या सूचना करतो. कामावरून निघाल्यावर वाटेत रेंगाळू नका. सकाळचे ऊन डोळ्यांवर घेऊ नका, टोपी किंवा काळा चष्मा असल्यास वापरा. घरी आल्यावर हलके खा आणि रोज एकाच वेळी निजा. खिडकीवर जाड चादर किंवा गोधडी लावून खोलीत अंधार करा. आवाज फार असेल तर कानांत बोळे घाला. फोन बंद करून दूर ठेवा. पहाटेनंतर चहा घेऊ नका, कारण त्याचा अंमल कित्येक तास राहतो. एका दमात झोप पुरी होत नसेल तर कामावर जाण्यापूर्वी आणखी थोडे निजा. त्यात लाज नाही. झोप यावी म्हणून दारूचा घोट घेणारे पुष्कळ आहेत. तो घोट डोळे मिटवितो, परंतु झोप मोडतो, आणि हळूहळू संसारही मोडतो. डोळ्यांवर झोप असता वाहन चालवू नका. फलाटाच्या कडेस उभे राहू नका. इतके करूनही आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल तर वैद्यास दाखवा. आणि प्रार्थनेस बसल्यावर डोळा लागला तर मनास खाऊ नका. एलिया रतामाच्या झुडुपाखाली थकून निजला, तेव्हा देवदूताने त्यास बोल लावला नाही. त्याने त्यास भाकर व पाणी दिले, पुन्हा निजू दिले, आणि दुसऱ्यांदा उठविताना, वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे, अशा आशयाचे ममतेचे शब्द काढले (१ राजे १९:५ ते ७). परमेश्वराने आपल्या सेवकाची निराशा घालविली ती प्रथम झोपेने व जेवणाने. आपला शब्द त्यास मागाहून ऐकविला.

आता घरच्यांस. गावाकडील आईबापांनो, तुमचा मुलगा रात्रपाळीस असेल तर त्यास भर दुपारी फोन करू नका. त्याची दुपार ही तुमची मध्यरात्र आहे. मुंबईस पहाटेच्या गाडीने उतरून सरळ त्याच्या खोलीवर जाणारे पाहुणे आपल्यांतच फार. दवाखान्याच्या, कचेरीच्या, लग्नाच्या कामास जाल तेव्हा आधी त्याची पाळी विचारा. लेकरांस शिकवा की, बाबा निजले असता दाराशी आरडाओरडा न करणे हेही आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेत येते.

स्त्रियांविषयी तर विशेष सांगितले पाहिजे. आपल्या खेड्यांतील कितीतरी मुली मिशनच्या व सरकारच्या रुग्णालयांत परिचारिका झाल्या, आणि आपण त्यांचा अभिमान बाळगतो. २०२० च्या नव्या संहितेने इतर कामांतही स्त्रियांस त्यांच्या संमतीने व सुरक्षिततेची तजवीज करून रात्री काम करण्याची मोकळीक दिली आहे. परंतु पुरुष रात्रपाळीहून आला तर घर शांत होते, आणि स्त्री आली तर तिच्यापुढे पिठाचा डबा ठेवतात! ती सकाळी स्वयंपाक करते, दुपारी धुणी धुते, मुलांस शाळेतून आणते, आणि रात्री रोग्यांच्या उशाशी पुन्हा उभी राहते. जी दुसऱ्यांच्या आयांचे प्राण राखते, तिला स्वतःच्या घरात सहा तास निजू न देणे हे पाप आहे, असे आम्ही स्पष्ट लिहितो. नवऱ्याने भाकरी भाजली, सासूने नातवंड सांभाळले, तर घराण्याची अब्रू जात नाही, ती वाढते.

मंडळीच्या उपदेशकांस आमची विनंती अशी की, आपल्या भेटींच्या वहीत प्रत्येक घराच्या नावापुढे त्या घरातील माणसांची पाळीही लिहून ठेवावी. भेटीस जाण्याची वेळ आपल्या सोयीने नव्हे, त्यांच्या सोयीने धरावी. भजनासाठी ध्वनिक्षेपक लावताना शेजारी कोणी निजला आहे काय, ह्याची चौकशी करावी, मग तो शेजारी कोणत्याही धर्माचा असो. आणि ज्यांच्या हाताखाली रात्रीचे पहारेकरी, चालक किंवा मजूर आहेत, त्यांनी त्यांस बारा-बारा तास उभे ठेवून शनिवारी शंभर रुपयांचे बक्षीस दिल्याने आपले देणे फिटले असे मानू नये. मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, असे मोशेच्या नियमशास्त्रात आहे. आम्ही तर असे म्हणू की, त्याच्या हक्काची विश्रांती ही त्याच्या मजुरीचाच भाग आहे. ती दाबून ठेवणारा मजुरीच दाबून ठेवतो.

प्रियहो, एकशे एकविसाव्या स्तोत्रात परमेश्वर हा कधी न झोपणारा राखणदार आहे असे गाइले आहे. हे स्तोत्र आपण प्रवासास निघताना वाचतो. परंतु ते पहारेकऱ्यासही वाचून दाखवावे असे आम्हांस वाटते. कारण जो खरा राखणदार आहे तो झोपत नाही, म्हणूनच मानवी राखणदाराने निश्चिंत झोपावे. जगाचा भार त्याच्या डोळ्यांवर नाही. आणि परमेश्वर त्याची राखण कोणाच्या हाताने करतो? पुष्कळदा हळूच लावलेल्या दाराने, खिडकीवर टांगलेल्या चादरीने, आणि कडी न वाजविता परत फिरणाऱ्या पाहुण्याच्या पावलांनी करतो.

पुढे दोन महिन्यांनी आम्ही रे रोडला पुन्हा गेलो. ह्या खेपेस आधी त्या बाईस विचारून, संध्याकाळी सहा वाजता गेलो. तो बंधू निजून उठला होता, अंघोळ करून मुलाचा अभ्यास घेत बसला होता. आम्ही प्रथम त्याची क्षमा मागितली. तो संकोचून म्हणाला, “पाळकसाहेब, तुम्ही क्षमा मागू नका. मलाच वाटायचे, मी कुठे तरी कमी पडतो.” हे वाक्य आमच्या मनास फार लागले. इतकी वर्षे त्याने आपल्या थकव्यास पाप समजून वागविले होते, आणि आम्ही जाऊन त्यावर शिक्का मारला होता. आम्ही ते स्तोत्र वाचले, पाच मिनिटे प्रार्थना केली, आणि उठलो. सातच्या आधी तो डबा घेऊन निघाला. आम्ही त्याच्याबरोबर स्थानकापर्यंत चालत गेलो. वखारींचे दरवाजे बंद होत होते आणि हातोड्यांचा आवाज निवत चालला होता. त्याची गाडी आधी आली. तो चढला, दारातून हात हलविला, आणि ज्या रात्री आम्ही घरी सुखाने निजणार होतो त्या रात्रीच्या पहाऱ्यास गेला.

आपल्या मंडळीत असा कोणी बंधू किंवा भगिनी असेल तर ह्या आठवड्यात त्याची पाळी विचारा, आणि त्याच्या झोपेचे तास सोडून त्यास भेटा. रात्री निजताना त्याच्यासाठी प्रार्थना करा. सकाळी उठल्यावर त्याच्या दारावरून हळू जा. जो प्रभू मचव्यात उशीवर डोके ठेवून निजला, तो आपल्या कष्टी लेकरांस दिवसाही झोप देवो, आणि त्या झोपेचे राखणदार होण्यास आपणांस शहाणपण देवो. आमेन.